दोन पेडलांची स्पोर्ट्स कार

“वहिनी, ऑटोमॅटिक स्पोर्ट्स कार म्हणजे बिनसाखरेचं श्रीखंड,” दिरानं जाहीर करून टाकलं. गाडीच्या खिडकीतून आत डोकावून तो क्लचच्या जागी क्लच नाही याची खात्री करून घेत होता. 1999 सालचा मे महिना होता. मिशिगनमधल्या आमच्या घरासमोर लाल रंगाची, आठ वर्षं जुनी निसान 300झेडएक्स उभी होती आणि ती मी माझ्या पैशांनी घेतली होती. नवऱ्याचं म्हणणं, या पैशांत चांगली व्हॅन आली असती. दिराचं म्हणणं, घेतलीच आहे तर निदान गिअरची घ्यायची. घरातलं एकही मत माझ्या बाजूनं नव्हतं.

ऑटोमॅटिक घेण्याचं कारण माझा डावा गुडघा. सांगलीला वालचंद कॉलेजात मेकॅनिकल करत असताना पावसात लुनावरून पडले होते. गुडघा बरा झाला, पण हाफ क्लचवर अर्धा तास गाडी सरकवायची म्हटलं की अजून ठणकतो. आणि डेट्रॉइटच्या आसपास संध्याकाळी हिमात अडकलेली वाहतूक म्हणजे दुसरं काही नसतंच.

गिअरशी माझं भांडण नव्हतं, हे मात्र आधी सांगते. मी साताऱ्याची. वडिलांच्या फियाटचा गिअर स्टिअरिंगखालच्या दांडीला होता आणि मी शिकले ती त्यावरच, खंबाटकी घाटात. वडील शेजारी बसून एकच वाक्य म्हणायचे, “गाडी दमायच्या आधी गिअर टाक, दमल्यावर नको.” वळण दिसलं, पुढे ट्रक रेंगाळताना दिसला, की चढ सुरू व्हायच्या आत सेकंड. एकदा का इंजिन धापा टाकायला लागलं की मग कितीही रेस द्या, ते उचल घेत नाही. पुढे मी इंजिनिअर झाले, 1988 साली इकडे आले, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं गिअरच्याच दात्यांत घातली. पण गिअरबॉक्स म्हणजे काय हे वडिलांच्या त्या वाक्यापेक्षा नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही.

दिरानं सहा महिन्यांत ओहायोतून तीच गाडी आणली. तेच 1991 चं मॉडेल, तेच तीन लिटरचं व्ही6 इंजिन, टर्बो नसलेलं, 222 अश्वशक्तीचं. टायरसुद्धा त्याच मापाचे. फरक एकच, त्याची पाच गिअरची मॅन्युअल, माझी चार गिअरची ऑटोमॅटिक. इंजिनिअरला असा योग आयुष्यात क्वचित मिळतो. प्रयोगशाळेत सगळ्या गोष्टी सारख्या ठेवून एकच बदलायची म्हटली तर लाखो डॉलर लागतात. इथे दोन्ही नमुने आमच्याच दारात उभे होते आणि पेट्रोलचा खर्च दीर करत होता.

गाडीविषयी थोडं. ही 300झेडएक्स अमेरिकेत 1990 ते 1996 या मॉडेल-वर्षांत विकली गेली. जपानी कंपन्या तेव्हा युरोपच्या महागड्या गाड्यांना थेट आव्हान देऊ लागल्या होत्या, त्यातली ही एक. तिच्या टर्बोवाल्या मॉडेलची जाहिरात रिडली स्कॉट या सिनेदिग्दर्शकानं केली होती. जानेवारी 1990 च्या सुपर बोलमध्ये ती एकदा दाखवली आणि वेगाला चिथावणी दिल्यासारखं होईल म्हणून पुन्हा दाखवली नाही. आम्ही दहा-बारा मराठी मंडळी एकाच्या घरी तो सामना बघत होतो. सामन्यातलं कुणालाच काही कळत नव्हतं. जाहिरात तेवढी कळली. माझ्या डोक्यात ती गाडी तेव्हाच बसली असावी.

तर प्रश्न असा की इंजिन तेच असताना ऑटोमॅटिक मागे का पडते? दहा जणांना विचारलं तर नऊ जण सांगतील की ती गिअर हळू बदलते. दीरही तेच म्हणायचा. हे पूर्ण खोटं नाही, पण खरं दुखणं दुसरीकडे आहे.

आधी गुणाकार करू. गिअर म्हणजे इंजिनच्या किती फेऱ्यांना चाकाची एक फेरी, एवढाच हिशोब. दिराच्या गाडीत पहिल्या गिअरचं प्रमाण 3.214 आणि मागच्या डिफरन्शियलचं 4.083. गुणाकार 13.1. म्हणजे इंजिन तेरा वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. माझ्या गाडीत डिफरन्शियल तेच, पण पहिला गिअर 2.785, म्हणून गुणाकार 11.4. हा आकडा जितका मोठा तितका चाकाला जोर जास्त आणि वेगाची मर्यादा कमी. सायकलवर चढाला आपण मागची मोठी चकती निवडतो ते याचसाठी. आता सेकंड बघा. त्याचा गुणाकार 7.9, माझा 6.3. इंजिन सारख्याच फेऱ्यांवर असलं तरी त्याच्या चाकाला माझ्यापेक्षा जवळपास पाव हिस्सा जास्त जोर मिळतो. इंजिन तेच, पेट्रोल तेच, पण हे पंचवीस टक्के आले कुठून, तर दातांच्या गणितातून.

असं का केलं? चारच गिअर आहेत म्हणून. ताशी शून्यापासून महामार्गाच्या वेगापर्यंतची सगळी वाट चार पायऱ्यांत चढायची तर प्रत्येक पायरी उंच होणारच. पाच पायऱ्या असल्या की त्या जवळजवळ येतात. आमच्या इंजिनचा कमाल टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, मिनिटाला 4800 फेऱ्यांना आणि कमाल शक्ती 6400 ला. म्हणजे हे इंजिन वरच्या पट्टीत गाणारं. 6400 ला फर्स्टमधून सेकंड पडला की दिराचा काटा सुमारे 3830 वर येतो, माझा 3550 वर. फरक तीनशे फेऱ्यांचाच, पण मला त्या खड्ड्यातून वर चढायचं आहे पाचवा हिस्सा कमी जोर घेऊन. वडिलांच्या भाषेत, माझी गाडी प्रत्येक गिअरनंतर थोडी दमते.

आणि गंमत ऐका. इथली मासिकं गाडीचा दम मोजतात तो शून्य ते ताशी 60 मैल, म्हणजे सुमारे 97 किलोमीटर, या वेळेवर. या वेगाला दिराचं इंजिन सेकंडमध्येच जवळपास 6500 फेऱ्यांवर असतं, माझंही सेकंडमध्ये पण 5200 वर. म्हणजे दोघांनाही एकदाच गिअर बदलायचा. एका बदलात कितीसा वेळ जाईल? पाव-अर्धा सेकंद. ऑटोमॅटिक हळू बदलते म्हणून हरते हा दिराचा सिद्धांत मी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोडीत काढला. त्याला तो पटला नाही. त्याला आकडे कधीच पटत नाहीत, तो अकाउंटंट आहे.

दुसरं दुखणं तेलाचं. मॅन्युअलमध्ये क्लच सोडला की इंजिन आणि गिअरबॉक्स घट्ट जोडले जातात, मध्ये काही नाही. जुन्या ऑटोमॅटिकमध्ये क्लचच्या जागी टॉर्क कन्व्हर्टर असतो. समोरासमोर दोन टेबलफॅन ठेवा आणि एकच चालू करा. दुसऱ्याचं पातंही वाऱ्यानं फिरायला लागतं. इथे हवेऐवजी तेल आणि दोन पात्यांमध्ये तिसरी जाळी, जी परत येणारं तेल वळवून पुन्हा कामाला लावते. ही युक्ती हर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची, 1905 सालची, आणि ती त्यानं जहाजांसाठी काढली होती. तिचा गुण असा की गाडी थांबलेली असताना ती इंजिनचा टॉर्क जवळपास दुपटीनं वाढवून पुढे देते. म्हणून सिग्नलवरून सुटताना पहिल्या काही फुटांत मी दिराच्या मागे नसायचे, उलट बोटभर पुढेच. गाडीनं वेग घेतला की ही दुप्पट विरघळून जाते आणि मागे राहते ती घसरण. तेलावरची पाती कधीच पूर्ण बरोबरीनं फिरत नाहीत, आणि जेवढा फरक तेवढी शक्ती तेल तापवण्यात जाते. शिवाय आतल्या क्लचना दाब द्यायला एक तेलाचा पंप इंजिनच्या जिवावर सतत चालू. त्यात जास्तीचं वजन. नंतर कन्व्हर्टरला आतून कुलूप लावायची सोय आली, माझ्या गाडीतही आहे, पण त्या काळात हे कुलूप सहसा वरच्या गिअरमध्ये, निवांत चाललेल्या गाडीलाच लागायचं. पाय दाबला की उघडलंच.

ऑटोमॅटिकचा जन्म आमच्या याच मिशिगनचा, हे इथे सांगितलं नाही तर शेजाऱ्यांना राग येईल. ऑल्ड्समोबिलनं 1940 च्या मॉडेलला हायड्रामॅटिक बसवलं आणि पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पहिल्यांदा सर्वसामान्य गाडीत आला. हा गिअरबॉक्स बनवणारा लिव्होनियाचा प्रचंड कारखाना 12 ऑगस्ट 1953 ला जळून खाक झाला. जनरल मोटर्सनं मग यप्सिलांटीजवळचा विलो रनचा कारखाना घेतला, जिथे दुसऱ्या महायुद्धात फोर्डनं बी-24 बॉम्बर विमानं बनवली होती. विमानांच्या त्या छपराखाली गिअरबॉक्स बनू लागले ते थेट 2010 पर्यंत. मी त्या रस्त्यानं वर्षानुवर्षं कामाला गेले आहे. पण लक्षात घ्या, हे यंत्र जन्मलं ते माणसाला आराम द्यायला, शर्यतीसाठी नाही. 1991 च्या ऑटोमॅटिकचाही मूळ स्वभाव तोच आहे. शक्य तितक्या लवकर वरचा गिअर टाकायचा, आवाज कमी, पेट्रोल कमी, आणि बाईसाहेबांच्या हातातली कॉफी सांडली नाही पाहिजे.

घरातलं हे भांडण शेवटी मायलन ड्रॅगवेवर गेलं. अॅन आर्बरच्या दक्षिणेला मायलन नावाचं गाव आहे, तिथे पाव मैलाची, म्हणजे 402 मीटरची सरळ पट्टी आहे. पैसे भरून कुणीही आपली गाडी पळवून वेळ मोजून घेऊ शकतो. एका शनिवारी आम्ही दोघं गेलो. नवरा पोह्यांचा डबा घेऊन बाकावर.

माझ्या चार धावा सगळ्या सोळा सेकंदांच्या आसपास, एकमेकींपासून दशांश सेकंदभराच्या आत. मी काय केलं? ब्रेक सोडला, उजवा पाय शेवटपर्यंत दाबला आणि स्टिअरिंग सरळ धरलं. दिराची उत्तम धाव सव्वापंधरा सेकंदांची. तो खरंच सुरेख चालवतो. पण दुसऱ्या धावेत सुटताना चाकं जागीच फिरली आणि तिसरीत सेकंडमधून थर्ड टाकताना खटका बसला नाही, नुसतंच इंजिन किंचाळलं. त्या धावेत मी जिंकले. चौथी पुन्हा साडेपंधराच्या आत. म्हणजे यंत्रात पाऊण सेकंदाचा फरक होता, आणि चुकला तर माणूस तो सगळा उधळू शकत होता.

मग तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला ब्रॅकेट शर्यतीत उतरवलं. यात तुम्ही आधीच सांगायचं की माझी गाडी किती सेकंदांत जाईल. हळू गाडीला तेवढ्या फरकानं आधी सोडतात, आणि सांगितलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात तर बाद. म्हणजे इथे वेगापेक्षा शब्द पाळण्याला मोल. दिराला मी दोनदा हरवलं. या खेळातले मुरलेले लोक ऑटोमॅटिकच वापरतात, हे मला तिथे कळलं. शेवरोलेचा दोनच गिअरचा जुना पॉवरग्लाइड, ज्याचं उत्पादन 1973 मध्ये बंद झालं, तो मजबूत करून ही मंडळी अजून शर्यतीच्या गाड्यांना लावतात. दीर घरी येईपर्यंत बोलला नाही. पोहेही कमीच खाल्ले.

पण मला खरी हार मायलनला नाही, डोंगरात पत्करावी लागली. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या सीमेवर यूएस 129 नावाचा रस्ता आहे, त्याच्या एका तुकड्याला टेल ऑफ द ड्रॅगन म्हणतात. अकरा मैलांत 318 वळणं मोजतात. 2001 च्या ऑक्टोबरात आम्ही दोन्ही गाड्या घेऊन गेलो. सरळ पट्टीवर ऑटोमॅटिकला पुढे काय आहे हे कळायची गरज नसते. वळणावर असते, आणि तिथेच ती आंधळी. वळणाआधी मी पाय उचलला की तिला वाटे, बाई निवांत झाल्या, वरचा गिअर टाकू या. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की क्षणभर काहीच नाही, मग धाडकन खालचा गिअर, आणि तेही गाडी अजून तिरकी असताना. त्या काळच्या ऑटोमॅटिकला फक्त दोन गोष्टी कळायच्या, गाडीचा वेग आणि माझा पाय किती दाबलेला आहे. पुढचं वळण तिला दिसत नव्हतं. ती दमल्यावर गिअर टाकत होती. वडील शेजारी असते तर त्यांनी गाडी थांबवून मला उतरवलं असतं.

मी दांडा हातानं ‘2’ वर ओढून ठेवला. हा उपाय पुष्कळांना माहीतच नसतो. मग जरा जमलं, पण सेकंड इतका लांब की हळू वळणात इंजिन खालच्या पट्टीत घोगरं व्हायचं. दीर पुढे दिसेनासा झाला. वरच्या थांब्यावर तो बॉनेटला टेकून उभा होता, काही बोलला नाही. मायलनची परतफेड त्यानं न बोलून केली. तिथून खाली मी त्याची गाडी चालवली. गुडघा दोन दिवस सुजला होता आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटलं नाही.

टर्बोवाल्या 300झेडएक्सचं प्रकरण वेगळं, आणि माझं मत इथे बऱ्याच जाणकारांशी जुळत नाही. दोन टर्बोंचं ते इंजिन मॅन्युअलबरोबर 300 अश्वशक्तीचं, ऑटोमॅटिकबरोबर मात्र 280 चं असं कंपनीनंच जाहीर केलं होतं. वीस कमी, म्हणून ऑटोमॅटिक टर्बोला लोक नाक मुरडतात. कामावरच्या एका सहकाऱ्याकडे ती होती, मी दोनदा चालवली. माझ्या गाडीत जे दोष ठळक दिसतात ते तिच्यात झाकले जातात. टर्बोला फिरत ठेवायला इंजिनमधून धुराचा झोत सतत लागतो. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना पाय उचलावा लागतो, झोत मंदावतो, टर्बोला पुन्हा दम भरायला वेळ लागतो. ऑटोमॅटिकमध्ये पाय दाबलेलाच राहतो. सुटताना ब्रेक दाबून थोडी रेस दिली तर टर्बो आधीच फिरू लागतो. आणि टॉर्क इतका भरपूर, तोही मधल्या फेऱ्यांत, की गिअरमधले लांब टप्पे जाणवत नाहीत. टर्बो नसलेलं, वरच्या फेऱ्यांत खुलणारं इंजिन आणि चार गिअरची ऑटोमॅटिक हे स्थळ मुळात पत्रिका न बघता जुळवलेलं. टर्बोचं त्यापेक्षा बरं जमतं.

हा फरक निसानपुरता नव्हता. पोर्शनं 968 या कूपेसाठी शून्य ते 100 किलोमीटरचे आकडे दिले होते, मॅन्युअल 6.5 सेकंद, टिपट्रॉनिक ऑटोमॅटिक 7.9. त्याच काळातल्या 911 चे 5.7 आणि 6.6. टिपट्रॉनिकमध्ये दांडा पुढे-मागे ढकलून गिअर स्वतः निवडता यायचा, तरी आत तोच तेलाचा कन्व्हर्टर आणि तेच चार गिअर. मग 2003 मध्ये फोक्सवॅगननं गोल्फ आर32 ला दोन क्लचचा गिअरबॉक्स लावला. एका क्लचवर चालू गिअर, दुसऱ्यावर पुढचा आधीच जोडून तयार. पोर्शनं हे तंत्र ऐंशीच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिलं होतं, ते 2009 च्या 911 मध्ये विक्रीला आणलं. मॅन्युअल 4.9, दोन क्लचवाली 4.7. तिथे पारडं फिरलं ते आजतागायत. आज अमेरिकेत नव्या गाड्यांत मॅन्युअल शंभरात एखाद-दुसरीच विकली जाते. म्हणून “ऑटोमॅटिक हळू असते” हे वाक्य 1991 च्या गाडीबद्दल बरोबर आणि आजच्या गाडीबद्दल साफ चूक.

इथे किंवा भारतात कुणी जुनी स्पोर्ट्स कूपे घ्यायच्या विचारात असेल तर माझं सांगणं असं. टर्बो नसेल आणि गुडघे शाबूत असतील तर मॅन्युअल शोधा, थोडे जास्त पैसे पडले तरी. ऑटोमॅटिकच घ्यायची तर इंजिन गरम असताना गिअरबॉक्सच्या तेलाची कांडी पांढऱ्या कागदावर पुसून बघा. लालसर असेल तर बोलणी पुढे न्या. तपकिरी आणि जळका वास असेल तर चहा पिऊन घरी या. मॅन्युअलमध्ये चढावर थर्ड टाकून रेस द्या. फेऱ्या वाढल्या आणि गाडी वाढली नाही तर क्लच प्लेट गेलेली आहे. आणि दोन गाड्यांत एक उत्तम ठेवलेली ऑटोमॅटिक, दुसरी पिळून काढलेली मॅन्युअल असेल तर ऑटोमॅटिक घ्या, दिराला काय म्हणायचं ते म्हणू द्या.

माझी लाल गाडी अजून आहे. दर ऑगस्टमध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते. हजारो जुन्या गाड्या, आणि सगळा रस्ता मुंगीच्या पावलानं सरकत असतो. त्या दिवशी सकाळी दीर येतो, त्याची काळी गाडी आमच्या दारात लावतो आणि म्हणतो, “वहिनी, आज तुमची किल्ली द्या.”